ताईच्या आतला उजेड

बसायला येणाऱ्या बायकांना एकच गोष्ट ऐकायची असते, जीव कसा गेला. दारात चपला काढताना त्यांचं रडणं सुरू होतं, सतरंजीवर टेकेपर्यंत ते आटोपतं, आणि मग पदराने डोळे पुसत विचारणं येतं, "लय तरास तं नाई झाला ना व बाई?" याचं उत्तर ठरलेलं आहे. नाही झाला. झोपेतच गेली. तोंडावर तेज होतं, आता उठून बसेल असं वाटत होतं. आमच्या सौसर-पांढुर्ण्याकडचं प्रत्येक माणूस असंच गेलेलं आहे. दोन-दोन महिने विव्हळून गेलेलं, पाठीला जखमा पडून गेलेलं, सगळी माणसं झोपेत गेली. हे खोटं आहे हे सांगणारीला माहीत असतं आणि ऐकणारीला त्याहून जास्त, कारण तीही कधीतरी आपल्या घरी सतरंजीवर बसून हेच बोललेली असते. मी सासूच्या वेळी असं सांगितलं, नवऱ्याच्या वेळी सांगितलं. त्यात मला कधी पाप वाटलं नाही. ताईच्या वेळीही मी तेच बोलले, फक्त जागा चुकली.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मधला आमचा दादा. माहेर मोहगावचं, संत्र्याचा बगीचा, घरात देवघर, सगळे सणवार. ताईचं लग्न वर्षभरात मोडलं आणि ती नर्सिंग शिकायला एका मिशनच्या दवाखान्यात गेली. परत आली तेव्हा तिच्या पेटीत काळ्या पुठ्ठ्याचं शास्त्र, म्हणजे बायबल, होतं आणि तिने कुंकू लावणं सोडलं होतं. बाबा दोन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. दादा बोलला, पण टोमण्यांशिवाय कधी बोलला नाही. पुढे तिला बोरगावच्या बाजूला उपकेंद्रावर सरकारी नोकरी लागली, आणि तीस वर्षं तिने आजूबाजूच्या खेड्यांतली बाळंतपणं केली. गावातले लोक तिला सिस्टर म्हणत. पोट दुखायला लागलं की सिस्टरचा देव कोणता हे कुणी विचारत नसे. निवृत्त झाल्यावर ती पांढुर्ण्याला खोली घेऊन राहिली, कारण तिथे रविवारी त्यांची प्रार्थना व्हायची. वीस-बावीस माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक ढोलक.

मी सौसरला प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. माझा त्या सगळ्यावर विश्वास नव्हता, आजही नाही. पण ताईला चिडवायला मला आवडायचं. त्यांच्यात सारखं म्हणतात, देवाचा प्रकाश आपल्या आत आहे. मी एकदा विचारलं, "तुझ्या आतला दिवा किती वॅटचा हाय व?"

ती हसली. म्हणाली, "तुमच्यात दिवा देवापुढं लावतात, अन् त्याच्या उजेडात देवाले पाह्यतात. आमच्यात म्हणतात का देवच आत येऊन राह्यते."

"मग तुले दिसते का थो आत?"

"थो पाह्याचा नसते. बाळंतपणात लाइट गेली तं टॉर्च कोणी आपल्या तोंडावर मारते का? जिथं काम हाय तिथं धरतात."

मला तेव्हा हे उत्तर पळवाटेसारखं वाटलं. नर्स माणूस, प्रत्येक गोष्ट बाळंतपणावर नेऊन सोडते, असं म्हणून मी चहा टाकायला उठले.

मग तिला पित्ताच्या नळीचा कॅन्सर निघाला. नागपूरला नेलं, नळी टाकली, आणि पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. दादा मोहगावला न्यायला तयार होता, पण ताईने माझ्याकडे येते म्हटलं. माझी मुलं नागपूरला, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, घरात मी एकटी. समोरच्या खोलीत तिची खाट टाकली. चार महिने ती त्या खाटेवर होती.

पांढुर्ण्याहून तिची मंडळी दर आठवड्याला बसने यायची. पुढे त्यांचा पास्टर असायचा. पंचेचाळीसचा असेल, काटकुळा माणूस, मूळचा बैतूलकडचा, मराठी बोलताना मधे मधे हिंदीत घसरायचा. ते खाटेभोवती उभे राहायचे, हात वर करून प्रार्थना करायचे, गाणं म्हणायचे. आणि जाताना प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, सिस्टर, तुमच्या चेहऱ्यावर काय तेज आहे! आतला प्रकाश बाहेर पडून राहिला! पास्टर तर टक लावून तिच्याकडे पाहत राहायचा. ताई त्यांच्यासमोर हात जोडायची. ते गेले की भिंतीकडे तोंड करायची.

एकदा मी म्हटलं, "एवढे लांबून येतात बिचारे, थोडं बोलत जा."

भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "म्हणतात तोंडावर तेज हाय. कावीळ हाय थे."

मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिचं हसणं पोटात कळ येऊन थांबलं. मग बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आत काईच नाई दिसून राह्यलं मले. बिमारी निघाली तवापासून. प्रार्थनेले डोळे मिटले का निरा अंधार. कोणी आयकून राह्यलं असं वाटतच नाई."

खरं सांगायचं तर मला राग आला. तिच्यावर नाही, तिच्या देवावर, जो कोणी असेल त्याच्यावर. या बाईने त्याच्यासाठी बापाचं बोलणं सोडलं, दिवाळी-दसरा सोडला, मेलेल्या आईच्या श्राद्धाला पाहुण्यासारखी ओसरीवर बसली. आणि आता तिला गरज होती तेव्हा तो पसार झाला. मी हे तिला बोलूनही दाखवलं.

"थो गेला असं मी कुठं म्हणून राह्यली?" ती म्हणाली. "मले दिसत नाई, एवढंच म्हणून राह्यली."

त्याच्या दोन-चार दिवसांनंतर तिने मला जवळ बसवलं. त्यांच्यात साक्ष देण्याची पद्धत आहे. देवाने आपल्यासाठी काय केलं ते माणूस सगळ्यांसमोर उभं राहून सांगतो. कुणी वारलं की शेवटी जवळ असलेल्या माणसाला उभं करतात आणि ते माणूस कसं गेलं हे त्याच्या तोंडून ऐकतात.

"तुलेच उभं करतीन," ताई म्हणाली. "खोटं नको सांगजो."

"मग काय सांगू? अंधारात मेली म्हणून सांगू?"

"हाव. अंधार होता अन् तिनं त्याले सोडलं नाई, असं सांग. तिथं कोणी तरी बसलं राहीन, ज्याच्या आत अंधार हाय. त्याले वाटत असन का बाकीच्यायले सगळ्यायले दिसते, मीच एकटा खोटा. त्याच्यासाठी सांग." मग दम घेऊन म्हणाली, "दुसरं काई मांगत नाई मी. देहाचं दादाले जे करायचं थे करू दे. जाळू दे, दिवा ठेवू दे, दहावं करू दे. तुमी भांडू नका. मले एवढीच साक्ष खरी पायजे."

मी हो म्हटलं. तिचा पिवळा हात माझ्या दोन्ही हातांत होता, आणि मी हो म्हटलं.

शेवटच्या आठवड्यात तिचे डोळे धड उघडतही नव्हते. आमच्याकडे भांडी घासायला येणारी पोरगी आठव्या महिन्यात होती. ती ताईच्या खोलीत झाडू मारत होती, आणि ताई एकदम म्हणाली, "इकडं ये. पाय वर ठेव." पोरगी लाजत खाटेच्या कडेला पाय टेकवून उभी राहिली. ताईने अंगठ्याने तिच्या घोट्याच्या वर दाबलं आणि बोट काढलं. खळगा तसाच राहिला. "डोकं दुखते का? डोळ्यापुढं काजवे येतात का?" पोरगी हो म्हणाली. ताई मला म्हणाली, "दवाखान्यात ने इले. आताच ने, उद्या नाई."

मी कुरकुरले. ताईला सोडून कशी जाऊ? शेजारणीला बसवलं आणि ऑटोतून पोरीला घेऊन गेले. तिथे बीपी पाहून नर्स धावतच डॉक्टरला बोलवायला गेली. दुपारी ऑपरेशन करून मुलगी काढली. दोघी वाचल्या. दोन दिवस उशीर झाला असता तर दोघी हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन मी ताईला सांगितलं. तिने बाळाचं वजन विचारलं, पावणेदोन किलो म्हटल्यावर "जगते मंग" म्हणाली, आणि पुन्हा भिंतीकडे वळली. मी तेव्हा भात टाकायला निघून गेले. काय पाहिलं हे मला कळलंच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ती गेली. झोपेत नाही गेली. तिला भीती वाटत होती. श्वास लागला होता, डोळे टक्क उघडले होते आणि काही शोधत होते. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नंतर दोन दिवस वळ राहिला. म्हणाली, "कोणी हाय का?"

मी म्हटलं, "मी आहे ना ताई."

"तू नाई व," ती म्हणाली. त्यानंतर ती बोलली नाही. पाऊण तासाने मनगट सुटलं.

दादाने मोहगावला नेलं आणि आपल्या रितीने सगळं केलं. ठरल्याप्रमाणे मी भांडले नाही. आमच्याकडे माणूस गेल्यावर घरात पीठ पसरून त्यावर दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात. दहा दिवस तो विझू द्यायचा नसतो, आणि पिठावर कोणती पावलं उमटली ते पाहून जीव कोणत्या जन्माला गेला ते सांगतात. दिव्याचं काम मी मागून घेतलं. तेल घालत होते, वात सारत होते. तिने न मागितलेला दिवा मी दहा दिवस डोळ्यांत तेल घालून सांभाळला. पिठावर मुंगळ्यांच्या रेघा उमटल्या होत्या. चुलत काकूने त्यात पाखराचं पाऊल पाहिलं, आणि सगळ्यांना बरं वाटलं.

त्या दहा दिवसांत सतरंजीवर किती बायका येऊन बसल्या ते मोजलं नाही. प्रत्येकीला मी सांगितलं, त्रास नाही झाला. झोपेतच गेली. तोंडावर तेज होतं. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली. नंतर पाढ्यासारखं येऊ लागलं.

पुढच्या रविवारी पांढुर्ण्याला साक्ष ठेवली होती. मी बसने जाणार होते, पण दादा जीप घेऊन दारात उभा राहिला. "चाल, मीही येतो," म्हणाला. वाटेत गाडी चालवता चालवता बोलला, "पाहू तं खरं, तीस वर्षं टाळ्या वाजवून तुह्या ताईले काय भेटलं." माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो ताईला हिणवायला निघाला होता, ती मेल्यावरसुद्धा.

सावरगावच्या पुलाच्या अलीकडे एका गल्लीत त्यांचा हॉल आहे. आत सगळ्या खुर्च्या भरलेल्या. दादा आत बसला नाही. दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिला. गाणी झाली. मग पास्टरने मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, सिस्टरच्या शेवटच्या वेळी तुम्हीच होत्या. सांगा आम्हाला. त्यांना प्रकाश दिसला का?"

विचारताना तो पुढे झुकला होता. हात एकमेकांत घट्ट अडकवलेले. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, काय धंदा आहे यांचा, मेलेल्या बाईच्या नावावरही माणसं जमवायची आहेत याला. मग माझी नजर दाराकडे गेली. दादा वाट पाहत होता.

अंधार होता आणि तिने त्याला सोडलं नाही. एवढंच वाक्य होतं. साक्षीत म्हणायचं म्हणून मी ते दोन दिवस घोकलं होतं. ते तोंडात आलंही, आणि मला दादाचं हसू दिसलं. जेवताना, लग्नात, दिवाळीत तो जन्मभर सांगत फिरला असता, शेवटी तिच्या देवाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "हो. दिसला."

त्यानंतर सगळं आपोआप आलं. त्रास नाही झाला. झोपेत गेल्यासारखी गेली. तोंडावर तेज होतं. आणि मी तिथे थांबले असते तरी चाललं असतं, पण माणसं माझ्याकडे अशी पाहत होती की मी आणखी दिलं. म्हटलं, "शेवटी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, कोणी आलं."

हॉलभर आमेन झालं. बायका रडायला लागल्या. पास्टरने मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही. दादाने हाताची घडी सोडली. परत येताना सौसर आल्यावर तो म्हणाला, "चांगलं मरण भेटलं मंग तिले." तेव्हा मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू, मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

पाच-सहा महिन्यांनी एका दुपारी पास्टर माझ्याकडे आला. एकटाच, खांद्याला बॅग. पाणी दिलं. ताईची खाट मी तशीच ठेवली होती, तो तिच्याकडे पाहत खुर्चीवर बसला.

"मॅडम, मी जाऊन राहिलो," म्हणाला. "बैतूलकडे. मेहुण्याची चक्की आहे, तिथे बसेन. सेवा सोडली."

मी विचारलं, काय झालं, कुणी त्रास दिला का.

"नाही, नाही. कुणी काही बोललं नाही." तो थोडा वेळ ग्लास फिरवत राहिला. "तुम्ही आमच्यातल्या नाही, म्हणून तुम्हाला सांगता येतं. बावीस वर्षं झाली मला सांगता सांगता, आत प्रकाश आहे, आत प्रकाश आहे. मला एकदाही नाही दिसला. आधी वाटायचं, कुणालाच दिसत नसेल, सगळे असेच चालत असतील. चालत राहायचं. सिस्टर आजारी पडल्या तेव्हा मी त्यांच्याकडे पाहायचो. मनात म्हणायचो, या बाईलाही नाही दिसला तर ठीक आहे, मग मी पण चालेन. मग तुम्ही साक्ष दिली." तो हसला. "दिसतो, मॅडम. ज्याला दिसायचा त्याला दिसतो. मग मी कोण आहे तिथे उभं राहून बोलणारा?"

ताई म्हणाली होती, कोणी तरी बसलेलं असेल. मी त्याला शोधायला खुर्च्यांकडे पाहायला हवं होतं, असं मला वाटत आलं होतं. तो तर त्या रविवारी माझ्यासमोरच उभा राहून मला विचारत होता.

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. भिंतीकडे वळणं, कावीळ, निरा अंधार. तिने घेतलेलं वचन आणि तिने का घेतलं ते. "कोणी हाय का" हे तिचे खरे शब्द, आणि "तू नाई व". भांडेवाल्या पोरीचा पाय सांगितला, घोट्यावरचा खळगा सांगितला. म्हटलं, आत काही दिसत नसलेल्या बाईने ते पाहिलं, जे माझ्या धडधाकट डोळ्यांना महिनाभर दिसलं नाही. मी रडत होते. म्हटलं, ती टॉर्च आपल्या तोंडावर मारत नव्हती, जिथे काम आहे तिथे धरत होती, पास्टर, तुम्हीही तेच करत आला आहात, तिला हेच तुम्हाला सांगायचं होतं.

माझं बोलणं संपल्यावर त्याने ग्लास खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर दया होती, माझ्यासाठी.

"तुम्ही फार चांगल्या आहात," तो म्हणाला. "मला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या बहिणीला अंधारात ठेवून राहिल्या. असं नका करू. सिस्टरचं नाव कमी नका करू."

"मी खरं सांगते आहे."

"मॅडम, बस झालं."

"शपथ घेते मी," मी म्हटलं. "तिची शपथ. माझ्या मुलांची शपथ घेते."

त्याने बॅग खांद्याला लावली, आणि दारात हात जोडले.

"आमच्यात शपथ नाही चालत, मॅडम," तो म्हणाला. "आमच्यात साक्ष चालते. ती तुम्ही दिली."